वाक्य पुरं होऊ द्या

रेहाना शेख मॅडमना डावा तळहात वर धरायची सवय होती. ज्याचं ऐकायचं त्याच्याकडे त्या बघत, आणि मध्ये जो तोंड घालेल त्याच्याकडे न बघताच तळहात धरत. चौकातला पोलीस एका बाजूची वाहनं सोडताना दुसरी बाजू अडवतो, तसं. आमच्या बाबतीत तो तळहात दहातल्या नऊ वेळा माझ्याकडे असायचा आणि उरलेल्या एका वेळी माझ्या आईकडे. मागोमाग ठरलेलं वाक्य यायचं, "वाक्य पुरं होऊ द्या." आवाज चढवायच्या नाहीत. दम्यामुळे त्यांना तो चढवताही येत नसे.

बुटक्या, सुती साडी, डोक्यावर पदर, नाकावरून घसरणारा चष्मा आणि पर्समध्ये दम्याच्या पंपाशेजारी शेंगदाण्याची चिक्की. सावेडीत एका स्टेशनरीच्या दुकानावर त्यांची खोली होती. त्याआधी बावीस वर्षं त्या मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होत्या, नंतर समुपदेशनाचं शिक्षण घेऊन इकडे वळल्या. हे कळल्यावर मी जिना उतरताना बायकोला म्हणालो होतो की बहिऱ्या मुलांची बाई आपलं काय ऐकणार. माझं तोंड असंच आहे. त्या वेळी तर ते तोंडच काय ते जाग्यावर होतं, बाकी मी कुठे होतो मला माहीत नव्हतं.

माझा फ्लेक्स छापायचा धंदा आहे. नगरमध्ये दिल्ली दरवाजाजवळ दुकान. वाढदिवस, निवड, उद्घाटन आणि श्रद्धांजली. शहराचं नाव बदललं तेव्हा अर्ध्या गावाच्या पाट्या नव्याने छापून घ्यायची लाट आली, आणि त्या दिवसांत मी घरी नुसता जेवायला आणि झोपायला जात होतो. माझी एकुलती एक मुलगी ऋतुजा तेव्हा अकरावीला होती. सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास. हुशार, शांत, उलट उत्तर न देणारी. सगळ्यांना सांगायचो मी, आमच्या ऋतूचा काही त्रास नाही.

त्याच वर्षी ऋतूने जीव द्यायचा प्रयत्न केला. तिने काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. मॅडमनी तशी ताकीद दिली होती, आणि ते वाचून कुणाचं भलंही होत नाही. ती वाचली. सहा दिवस दवाखान्यात होती, आणि त्या सहा दिवसांत मी सगळ्यांना सांगितलं की तिला डेंग्यू झालाय. नातेवाईक आले, शेजारी आले, तिच्या मैत्रिणींच्या आया आल्या. डेंग्यूचा पेशंट म्हणून सगळ्यांनी किवी आणले. खाटेखाली किवीचे खोके साचले, कुणी पपईच्या पानांचा रस काढून आणला आणि आम्ही आमच्या खोट्याला धरून तो कडू रस पोरीला पाजला. प्लेटलेट्स किती झाल्या, म्हणून जो तो तिलाच विचारायचा. ती एक आकडा सांगायची, तो दर वेळी वेगळा असायचा.

घरी सोडताना मनोविकाराच्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. औषधं मी देईन, म्हणाले, पण ती राहणार तुमच्या घरात, तेव्हा इलाज घराचाही करावा लागेल. आणि शेख मॅडमचा नंबर दिला. घराचा इलाज म्हणजे काय ते मला समजलं नाही. आमच्या घराला काय झालं होतं? दारू नाही, मारहाण नाही, देवाधर्माचं सगळं यथासांग. चिडतच गेलो मी.

पहिल्या दिवशी आम्ही चौघं तिथे गेलो. मी, माझी बायको मंगल, माझी आई आणि ऋतू. चौघं आल्याशिवाय मॅडम सुरूच करायच्या नाहीत. त्यांनी ऋतूला विचारलं, झोप लागते का. मी म्हणालो, लागते की, दहाला झोपते. भूक? मी म्हणालो, आता बरी आहे. क्लासला कोणी त्रास देतं का? नाही नाही, मी म्हणालो, क्लास चांगला आहे, मी स्वतः चौकशी केली होती. तिसऱ्या उत्तराला तळहात वर आला.

"विलासभाऊ, तुमची झोप मी नंतर विचारणार आहे. ज्याचं उत्तर त्यानेच द्यायचं."

मी गप्प बसलो, पण खोलीतही दुसरं कोणी बोललं नाही. ऋतू ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मॅडम शांत बसून राहिल्या. खालच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन चालू होतं, त्याच्या आवाजावर मी वेळ मोजत होतो. पुष्कळ वेळाने ऋतू म्हणाली, झोप लागत नाही, पहाटेपर्यंत जागीच असते. मंगल त्याच खोलीत तिच्या शेजारी झोपते. तिलाही ते माहीत नव्हतं.

निघताना मॅडमनी मला चिक्की दिली आणि त्यांच्या शाळेतली गोष्ट सांगितली. तिथलं मूल एक वाक्य सांगायला पाच मिनिटं घेतं, हात, गळा, डोळे सगळं वापरून. घाईतल्या बाई त्याचं वाक्य स्वतःच पुरं करतात आणि विचारतात, असंच ना? मूल दमलेलं असतं, मान हलवतं. "घाईच्या बाईंना वर्गातली सगळी उत्तरं बरोबर वाटतात," त्या म्हणाल्या. बोलणं माझ्याबद्दल आहे हे मला घरी पोचल्यावर कळलं.

तिसऱ्या बैठकीला ती गोष्ट निघाली, जी मी आजही चारचौघांत सांगू शकत नाही. मॅडमनी ऋतूला विचारलं, हे तू आधी कधी कुणाजवळ बोलली होतीस का. मी छाती ठोकून सांगायला जाणार होतो की नाही, कधीच नाही. तळहात आधीच वर होता. ऋतू म्हणाली, बोलले होते. घरात. सगळ्यांसमोर.

मग मला आठवलं. आठ महिन्यांपूर्वीची गोष्ट. तिन्हीसांजेची वेळ, आई देवापुढे दिवा लावत होती, मंगल कणीक मळत होती, मी नेमका त्या दिवशी लवकर घरी आलो होतो आणि टीव्ही बघत होतो. ऋतू क्लासहून आली, दप्तर ठेवलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मला ना, हल्ली मेलेलं बरं असं वाटतं." एवढंच ती बोलली होती की आईने वातीवरचा हात काढून तिला दटावलं, तिन्हीसांजेला असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. आमच्याकडे लहानपणापासून हेच ऐकलेलं. दिवेलागणीला वास्तुपुरुष घरात फिरतो आणि जे कानावर पडेल त्याला तथास्तु म्हणतो, म्हणून त्या वेळी तोंडातून वाईट काढायचं नाही. मी टीव्हीवरची नजर न काढता म्हणालो, देवापुढे नाक घास आणि परत असलं बोलू नकोस. तिने नाक घासलं. आत गेली. आम्हाला वाटलं, किती ऐकणारी पोर आहे.

मॅडमनी ऋतूला विचारलं, "त्या दिवशीचं वाक्य पुढे काय होतं?"

मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो. ऋतू आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हती. ती म्हणाली, "मेलेलं बरं असं वाटतं, पण मला तसं वाटायला नकोय. मला भीती वाटते. काहीतरी करा ना. असं होतं."

मंगलने तोंडात पदर कोंबला. मला रडूसुद्धा आलं नाही. माझ्या मुलीने मदत मागितली होती, ती दिवा लागायच्या वेळी मागितली, एवढंच तिचं चुकलं. आम्ही तिचं अर्धं वाक्य ऐकलं, त्याला अभद्र म्हणून झाकलं आणि उरलेलं अर्धं तिने आठ महिने पोटात ठेवलं. ज्या बापाच्या दुकानात दिवसभर लोकांची वाक्यं तपासून, शुद्धलेखन बघून मोठ्या अक्षरात छापली जातात, त्याच्या घरात हे झालं.

आई हात जोडून मॅडमना म्हणाली की चूक तिची आहे. मॅडम उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्या वास्तूला हसतील, अंधश्रद्धा वगैरे म्हणतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "आजी, आमच्याकडेही असंच आहे. माझी अम्मी म्हणायची, वाईट बोलू नका, फरिश्ते आमीन म्हणतात. तुमची वास्तू तथास्तु म्हणते, आमचे फरिश्ते आमीन म्हणतात. पण बिचाऱ्यांच्या कानावर आपण नेहमी अर्धंच वाक्य घालतो. पुरं ऐकवलं तर ते पुऱ्याला तथास्तु म्हणतील की नाही?"

आईने विचार केला आणि मान हलवली. सोबत लाज होती, पण पटलंही होतं.

पुढच्या आठवड्यात मॅडम आमच्या घरी आल्या. सगळ्या खोल्या, कपाटं, गच्चीचं दार आमच्याबरोबर फिरून बघितलं. काही वस्तू घराबाहेर गेल्या, काही कुलपात, आणि किल्ली मंगलच्या कमरेला आली. त्यांनी हे ऋतूसमोरच केलं. लपूनछपून काही करू नका, म्हणाल्या, तिला चोर समजताय असं वाटायला नको. ऋतूने स्वतःहून एक वस्तू आणून दिली, जिचा आम्हाला पत्ताही नव्हता. ती तिने जिथून काढली, तिथून मी रोज टॉवेल घेत होतो.

मग त्यांनी नियम घातला. रोज एकदा ऋतूला सरळ विचारायचं, आज जीव द्यावासा वाटला का. आडून नाही, बरं आहे ना असं नाही, हाच शब्द वापरून. मी म्हणालो, मॅडम, असं विचारून तिच्या डोक्यात आपणच घालू ते. त्या म्हणाल्या, "विचारल्याने ते डोक्यात जात नाही. आधीच आत असेल तर बाहेर यायला दार मिळतं." आणि उत्तर नाही आलं तर चांगलं, हो आलं तर ओरडायचं नाही, रडायचं नाही, तिला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना आणि त्यांना फोन करायचा. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला लावलं. वेळ कोणती, यावर त्यांनी ऋतूला विचारलं, दिवसात सगळ्यात वाईट कधी वाटतं. क्लासहून घरी आल्यावर, ती म्हणाली. म्हणजे दिवेलागणीची वेळ. मॅडमनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "चालंल. त्याच वक्ताला ऐकू दे तिला." तिला म्हणजे वास्तूला.

पहिले आठ दिवस आमच्या तोंडून तो शब्द फुटेना. मंगल विचारायला उभी राहायची आणि चहा घेतेस का म्हणायची. मी विचारलं ते हिशोबाच्या कारकुनासारखं, खाली बघून. सगळ्यात आधी नीट विचारलं ते आईने. दिवा लावला, जपाची माळ बाजूला ठेवली आणि नातीला जवळ बसवून म्हणाली, "बाई, आज जीव द्यावा आसं वाटलं का?" ऋतू म्हणाली, थोडं. आईने तिचा हात हातात घेतला आणि आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, "मला बी वाटलं हुतं एकदा. तुझा बाप तान्हा हुता. कुनाला सांगितलं न्हाई, वास्तू ऐकंल म्हून." मी पन्नाशीला आलोय. हे मला त्या दिवशी कळलं.

हे सगळं वाचून वाटेल की आमचं घर सुधारलं. तसं नव्हतं. त्या महिन्यांत मी माणूस राहिलो नव्हतो. न्हाणीघराच्या दाराबाहेर उभा राहून पाण्याचा आवाज ऐकायचो, आवाज थांबला की दार वाजवायचो. दुकानात मशीन चालू असताना फोन वाजला की गिऱ्हाइकाला तसंच सोडून आधी घरचा नंबर आहे का बघायचो. कॉलेजातून यायला तिला दहा मिनिटं उशीर झाला तर मी स्कूटर काढून रस्त्याने उलटा निघायचो. मंगलचं आणि माझं भांडण व्हायचं, ते कुजबुजत व्हायचं. आणि दर गुरुवारी मॅडमना एकच विचारायचो, ती वाचेल ना? मला तुम्ही शब्द द्या.

"फ्लेक्सची गॅरंटी तुम्ही देता ना, रंग दोन वर्षं उडणार नाही म्हणून? माझ्याकडे तशी नाही, विलासभाऊ. माझ्याकडे फक्त आजचा दिवस आहे. तो मागा, देते."

मला त्यांचा राग यायचा. मला आजचा दिवस नको होता, मला माझी मुलगी म्हातारी झालेली बघायची होती.

मग तो दिवस आला. सकाळी दुकानाच्या मोबाईलवर एक फोटो आला. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, वाढदिवसाला घेतात तसला कोट घातलेला. खाली मजकूर होता, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि पारनेर तालुक्यातल्या एका गावाचं नाव. नाव वाचलं आणि मी ओळखलं. मॅडमच्या जिन्यातल्या बाकावर हा पोरगा आणि त्याचा बाप आमच्या आधी बसलेले असायचे. बाप माझ्यासारखाच बडबड्या होता, दूध संकलन केंद्र चालवायचा, आम्ही दोघं राजकारणावर बोलायचो. दोन-तीन महिन्यांपासून ते दिसत नव्हते. पोरगा आता एकदम ठीक आहे, यायची गरज नाही, असं त्या बापाने मला शेवटच्या दिवशी आनंदाने सांगितलं होतं.

मी तो फ्लेक्स छापला. दुसरीकडे पाठवला असता, पण हात ऐकेना. कापड मशीनमधून हळूहळू बाहेर येत होतं, आधी केस, मग कपाळ, मग डोळे. मी मशीन बंद केलं आणि बाहेर रस्त्यावर जाऊन बसलो. नंतर आत जाऊन उरलेला छापला.

त्या दिवशी गुरुवार होता. मॅडम आम्हाला उशिरा भेटल्या. चष्मा पुसत होत्या, पंप दोनदा ओढला. मी म्हणालो, मॅडम, तो फ्लेक्स मी छापला. माझ्या आवाजात त्यांना दोष देणं होतं, हे मला मान्य आहे. मला म्हणायचं होतं, तुम्हाला तो वाचवता आला नाही, माझी कशी वाचवाल? त्यांना ते न बोलता ऐकू आलं.

"दुसऱ्या घराबद्दल मी बोलत नसते," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल बोलते. आज मला भीती वाटतेय. सकाळपासून वाटतंय, आपल्याला काही येत नाही." एवढं बोलून त्या थांबल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तळहात वर झाला. पण तो मॅडमचा नव्हता. ऋतूचा होता. ती मॅडमकडे बघत होती. मॅडम तिच्याकडे बघून म्हणाल्या, "...पण मी आज आले. तुम्हीही आलात. एवढं आहे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या घरी त्या रोजच्या प्रश्नाला हो आलं. आईने विचारलं, ऋतू म्हणाली, हो, खूप, आणि मी सकाळपासून ठरवतेय. तिचा आवाज अगदी सपाट होता. माझ्या डोळ्यांसमोर कोट घातलेला मुलगा आला. ओरडावंसं वाटलं, तिच्या पाया पडावंसं वाटलं. फ्रिजवरचा कागद होता म्हणून मी उभा राहू शकलो. मंगल तिला चिकटून बसली. मी डॉक्टरांना फोन केला, मॅडमना फोन केला. रिक्षात चौघं कशीबशी बसलो आणि दवाखान्यात गेलो. मॅडम आमच्या आधी तिथे पोचल्या होत्या, स्कूटरवरून, धापा टाकत. त्यांनी आत जाऊन ऋतूला काय सांगितलं ते मंगलने ऐकलं. म्हणाल्या, "तू आज जे बोललीस ना, ते मी बावीस वर्षं शिकवत होते. शाबास."

चार दिवस ठेवून घेतलं. या खेपेला मी डेंग्यू सांगितला नाही. मेहुण्याला फोनवर खरं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो राहात्याहून पहिल्या एसटीने आला, रिकाम्या हातांनी आला, आणि दिवसभर नुसता खाटेशेजारी बसून राहिला. त्याची पेरूची बाग आहे, तीही त्याला त्या दिवशी आठवली नाही. ऋतू नंतर म्हणाली, मामा बसला होता ते बरं वाटलं.

नंतर दीड वर्ष आम्ही मॅडमकडे जात राहिलो, आधी आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला. ऋतूने विज्ञान सोडलं, कलाशाखेला गेली, आणि मी कुणालाही काही समजावून सांगितलं नाही. शेवटच्या बैठकीला मॅडम म्हणाल्या, आता माझ्याकडे यायची सवय लावून घेऊ नका, दिवा तुमच्या घरात आहे. त्यांना जिना चढताना लागणारी धाप वाढली होती. मी म्हणालो, मॅडम, दम्याचं बघा. त्यांनी माझ्याकडे तळहात धरला आणि हसल्या.

गेल्या महिन्यात दुपारी दुकानाच्या मोबाईलवर एक फोटो आला. शाळेच्या कार्यक्रमातला असावा. डोक्यावर पदर, घसरलेला चष्मा, डावा तळहात वर. खाली मजकूर, आमच्या बाईंना श्रद्धांजली, मूकबधिर विद्यालयाचे माजी विद्यार्थी. दोन दिवसांपूर्वीच गेल्या होत्या, धाप लागून, घरातच. दफनही झालं होतं. आम्हाला कळवणारं कोणी नव्हतं, आम्ही त्यांच्या कुठल्या नात्यात बसत होतो?

माझे हात आपोआप चालले. श्रद्धांजलीचा फोटो आम्ही खांद्यापर्यंतच घेतो, तसा कापला, नमुना पाठवला. उलट दोन शब्द आले, "हात ठेवा." आणि थोड्या वेळाने, "आमच्या खुणांच्या भाषेत तेच त्यांचं नाव आहे." संध्याकाळी तिशीचा एक माणूस फ्लेक्स न्यायला आला. ऐकू न येणारा. कोणता फ्लेक्स, म्हणून मी खुणेने विचारलं. त्याने डावा तळहात वर धरला. मी त्याच्यासमोर रडलो, आणि तो घाई न करता उभा राहिला.

मग घरी जायचं होतं. वाटेत मी ठरवलं की ऋतूला सांगायचं नाही. कॉलेजची परीक्षा तोंडावर, पोरीला धक्का बसला तर? मॅडम हजला गेल्या म्हणून सांगू, बदली झाली म्हणून सांगू. प्रोफेसर चौकापर्यंत माझ्या डोक्यात दोन-तीन डेंग्यू तयार झाले होते. जिन्यात चपला काढताना मला माझीच लाज वाटली.

तिन्हीसांजेची वेळ होती. आई देवापुढे वात सारखी करत होती, मंगल आणि ऋतू खाली बसल्या होत्या. मी सांगितलं. शेख मॅडम गेल्या, परवा गेल्या. मंगल रडायला लागली. ऋतू जमिनीकडे बघत राहिली. तिचा चेहरा तसाच सपाट झाला, जसा त्या दिवशी झाला होता. मग ती म्हणाली,

"पप्पा, मलाही जायचंय."

आईच्या हातातली काडी पेटायची राहिली. माझ्या घशापर्यंत सगळं आलं होतं, असं बोलू नकोस, गप्प बस, देवापुढे नाक घास. मी हाताची मूठ आवळून धरली. तिच्याकडे बघत राहिलो. ती थांबली होती, श्वास घेत होती, ओठ हलत होते. मी गप्प राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही.

"त्यांच्या घरी," ऋतू म्हणाली. "आपण चौघांनी. आणि पप्पा, आज वाटतंय मला. तुम्ही सांगायच्या आधीपासून, दुपारपासून वाटतंय. तेही सांगायचं होतं."

मंगल सरकून तिला चिकटून बसली. मी खिशातून फोन काढला, डॉक्टरांचा नंबर लावला. आईने काडी ओढून दिवा लावला आणि नातीच्या पाठीवर हात ठेवला.

"बोल बाई," ती म्हणाली, "समदं बोल. ऐकू दे वास्तूला."